नाना पत्ते खेळत नव्हता

नाना गेल्याची चिठ्ठी पनवेलहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं उरणच्या शाळेत आणून दिली. मी मुलींना शिवणाचे टाके शिकवत होते. चिठ्ठी आमच्या शेजारच्या शमुवेलभाऊंच्या अक्षरातली, दोन ओळींची. 'नाना पहाटे गेला. असशील तशी नीघ.' मी खरोखरच असेन तशी निघाले, बोटातलं अंगुस्तानसुद्धा काढायचं राहिलं. बस सुटायला अवकाश होता. स्टँडवर कुणीतरी बाकावर जागा करून दिली, पण मला बसवेना. आज दीड महिना झाला तरी बसवत नाही. भाजी निवडायला घेते आणि अर्धी टाकून उठते, वह्या तपासायला घेते आणि त्याच त्या वहीवर दोनदा सही करते. शेजारणी म्हणतात, भाऊ गेल्याचं दुःख आहे, ओसरेल हळूहळू. दुःख आहेच. पण मला उठवतंय, फिरवतंय ते दुसरं काहीतरी आहे, आणि ते लिहून टाकल्याशिवाय माझे पाय थांबायचे नाहीत.

त्याच्या आधीच्या रविवारी मी त्याला भेटले होते. पाठीला उशी लावून बसलेला, श्वास भात्यासारखा. बोलणं फारसं नव्हतंच. पण त्याची डाव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी करत होती... अंगठा मागे सरायचा, पहिलं बोट खालून वर यायचं, मग सगळी बोटं मिटायची. पुन्हा तेच. मी ओळखलं. एका हातानं पत्ते काटायची ती रीत होती. दहा वर्षांत ज्यानं पत्त्याला बोट लावलं नव्हतं, त्याचा हात रिकाम्या हवेत पत्ते काटत होता. "काय बघतेस शके?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. चहा टाकू?" तेवढंच. बोलायची ती शेवटची वेळ होती आणि मी चहा टाकला.

नाना माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, म्हणून मॅट्रिक होताच तो पनवेलच्या एका भातगिरणीत कारकून म्हणून लागला आणि आम्हा दोघींचं, आईचं आणि माझं, सगळं त्याच्यावर आलं. त्याचं त्याला ओझं वाटायचं नाही, निदान दाखवायचा नाही. त्याचा एकच दोष होता, त्याचे हात. त्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवताना ताटाभोवतीची शितं गोळा करून त्यांच्या रांगा लावायचा, बोलता बोलता तुमच्या छत्रीची मूठ पिळून सैल करून ठेवायचा. आई म्हणायची, ह्याला देवानं माकडाचे हात दिले आणि माणसाचं तोंड. त्या हातांना बिडी सापडली ती गिरणीत. दिवसभर भाताचा कोंडा नाकात, त्यावर बिड्यांचा धूर. सव्विसाव्या वर्षी तो म्हाताऱ्यासारखा खोकायला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली आणि सांगितलं, "बिडी सोड. नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस." नाना म्हणाला, "बिडी सोडतो हो, पण हातांचं काय करू?" डॉक्टर हसले. त्यांचे कंपाउंडर मात्र हसले नाहीत. ते म्हणजे शमुवेलभाऊ.

शमुवेलभाऊ बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. लढाईच्या काळात ते पलटणीबरोबर मिसरच्या वाळवंटात दोन वर्षं राहून आले होते आणि तिथं तंबूत बसून कुणा शिपायाकडून पत्त्यांच्या करामती शिकले होते. जादू नव्हे, जुगार तर नव्हेच. पत्त्यांचा एका हातात पंखा उघडायचा, मिटायचा, एका हातावरून दुसऱ्या हातावर पत्ते उडवायचे, एवढंच. त्यांनी नानाला पत्त्यांचा एक जुना कॅट आणून दिला आणि औषधाची बाटली देताना सांगतात तशा आवाजात सांगितलं, "बिडीची तलफ आली की हा काढायचा. दिवसातून कितीही वेळा." शिकवणी रविवारी दुपारी आमच्या पडवीत. शनिवारी त्यांना सुटी असूनही शिकवणी नाही, कारण शुक्रवारी दिवस मावळला की शनिवार मावळेपर्यंत शमुवेलभाऊ पत्त्यांनाच काय, काडेपेटीलाही हात लावत नसत.

पहिले चार रविवार नानानं फक्त पत्ते वेचले. पंखा म्हणजे काय, तर डाव्या हातात कॅट खालच्या बाजूनं हलका धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं वरची कड गोल फिरवत न्यायची. ऐकायला सोपं. नाना जोर लावायचा आणि बावन्न पत्ते पडवीभर. "दाबू नकोस रे," शमुवेलभाऊ म्हणायचे, "पत्ता पळून जात नाही. चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा धर." नाना पिल्लूही बहुधा चेंगरूनच धरत असावा. त्यात श्रावण लागला, हवा ओली, पत्ते एकमेकांना चिकटायला लागले. गिरणीतल्या माणसाला तांदळाखेरीज काय सुचणार! त्यानं कुणाला न विचारता पत्त्यांना तांदळाची बारीक पिठी चोळली. दोन दिवस पत्ते सुळसुळ सरकले, नाना खूश. आठवडाभरात त्या दमट हवेत पिठीची खळ झाली आणि कॅटची झाली वीट. शमुवेलभाऊंनी ती वीट हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "पुस्तकं बांधायचा धंदा काढतोयस का?" मग त्यांनी नवा कॅट दिला आणि दवाखान्यातून कागदाच्या पुडीत शंखजिरं, ती पांढरी गुळगुळीत पूड, आणून दिलं. ते कापडावर घेऊन पत्त्यांना पुसायचं. त्या दिवसापासून नानाची बोटं कायम पांढरी असायची आणि बिडीचा पिवळा डाग हळूहळू फिका पडत गेला.

माझीही बोटं पांढरी व्हायला लागली. हे कुणाला माहीत नव्हतं, नानाखेरीज. तो गिरणीत गेला आणि आई देवळात गेली की मी कॅट काढायची. नानाला पंखा जमायला दोन महिने लागले, मला पंधरा दिवस. त्याला ते कळल्यावर तो रागावला नाही, उलट मलाच विचारायला लागला, "शके, तुझी करंगळी कुठं असते गं तेव्हा?" एका हाताची काट आम्ही बरोबरीनं शिकलो. शमुवेलभाऊ त्याला शिकवायचे, तो मला, आणि मी त्याच्या चुका काढायची. आमच्याकडे सुकापूरची काशीबाई भाजी घेऊन यायची. एकदा तिच्यासमोर नानानं पंखा उघडला, तर ती टोपली खाली ठेवून खालीच बसली. "आगं बाय, ह्यो त मोराचा पिसारा हाय!" मग रोज भाजी देण्याआधी तिला पिसारा दाखवावा लागे. त्या वर्षभरात नानानं बिडी ओढली नाही. खोकला गेला. तो जिना चढताना गुणगुणायचा. आणि एक सांगते, नानाला पत्त्यांचा एकही डाव धड येत नव्हता. बदामसात खेळतानासुद्धा तो हरायचा, कारण त्याचं लक्ष पत्ते पिसण्यात.

मग मला पेणचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक होता, मी त्याला एकदा लांबून पाहिलं होतं, आणि मला तो आवडला होता. हे आज लपवायचं कारण नाही. पाहायला येणार त्या दिवशी सकाळीच नानानं सांगितलं, "शके, कॅट आज पेटीत ठेवून दे." मी हो म्हटलं. पण आईचं नऊवारी नेसून बसले आणि माझे हात स्वस्थ राहीनात. त्यावर मला एकच उपाय माहीत होता. मी आतल्या खोलीत कॅट काढला. मंडळी ठरल्या वेळेआधी आली, आईनं हाक मारली आणि मी घाईत कॅट ओच्यात खोचून पोह्यांची ताटली उचलली. पोहे दिले, प्रश्नांना उत्तरं दिली. मुलाची आई प्रेमळ होती, माझ्या हातचं शिवणकाम बघून मान डोलावली तिनं. मग नमस्काराला वाकले... आणि ओच्यातून बावन्न पत्ते त्या बाईंच्या पायांवर.

बदामाची राणी त्यांच्या अंगठ्याशी पडली होती, ती मला अजून दिसते. मी तोंड उघडायच्या आत नाना पुढे झाला. "माझे आहेत," तो म्हणाला. "तुम्ही अवचित आलात म्हणून मीच तिच्याकडे कोंबले. लपव म्हटलं." आणि खाली बसून वेचायला लागला. माझ्या बोटांना शंखजिरं लागलेलं होतं. ती मी पदराखाली घेतली. नानानं ते पाहिलं, आणि नजर पत्त्यांकडे वळवली.

दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी गुणी आहे, पण भाऊ जुगारी आहे. आईनं कॅट चुलीत घातला. नानाचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, पुन्हा पत्त्यांना हात लावणार नाही म्हणून. मी दारात उभी होते. नानानं शपथ घेतली आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, मला बोलणं सोपं जावं म्हणून की न बोलणं सोपं जावं म्हणून, देव जाणे. मी गप्प राहिले. काशीबाईनं तेवढं आईला तोंडावर सांगितलं, "जुगारी नाय तो, बाय. आमी रोज बघतो त्याला. पत्ते निसते नाचवतंय." आईनं तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं. शमुवेलभाऊ समजावायला आले, त्यांनाही ती दारातूनच म्हणाली, "तुम्हीच नादाला लावलंत." गावात बातमी फिरली. गिरणीच्या मालकानं गोदामाच्या किल्ल्या नानाकडून काढून दुसऱ्याला दिल्या. पुढची तीन स्थळं चौकशीतच गेली.

आणि मी काय केलं? मी त्याच्यावर चिडले. खोटं सांगत नाही. चारसहा महिन्यांत नानाचं खोटं मलाच खरं वाटायला लागलं. ह्यानंच पत्ते घरात आणले, ह्याच्यापायी माझं मोडलं, असं मी मनात म्हणायची, आणि एकदा तर मोठ्यानं म्हणाले. तो काडेपेटी बोटांत फिरवत होता. फिरवायची थांबवली आणि बाहेर गेला. त्यानंतर काडेपेटी आठ दिवस पुरली, मग सुतळीचा तुकडा, मग गिरणीच्या दारातला खडा. मग बिडी. दुसरं काय असणार? एका संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला तो वास होता आणि आई म्हणाली, "पत्त्यांपेक्षा बिडी बरी." मी उरणला नोकरी घेतली आणि निघून गेले. दहा वर्षं तो ओढत राहिला आणि खोकत राहिला. लोक म्हणतात बिडीनं गेला. असेल. पण मी एक वाक्य बोलले असते तर त्याच्या हातात पत्ते राहिले असते, हे मला ठाऊक आहे. पनवेलमध्ये आजही त्याला जुगारी म्हणून ओळखणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी हे छापायला देते आहे. पत्ते माझ्या ओच्यात मीच लपवले होते.

पण छापण्याआधी एका माणसाला सांगणं भाग होतं. मागच्या रविवारी मी पनवेलला घरी होते. समाचाराला आलेल्या एका बाईंना आई सांगत होती, "पोरगा सोन्यासारखा, पण पत्त्यांनी खाल्लं हो." ते ऐकून मी चप्पल घातली आणि बाजारात गेले. सुतक संपलेलं असलं तरी भाऊ गेलेल्या बाईनं पत्ते मागावेत याचं नवल वाटून दुकानदारानं दोनदा विचारलं, "तुम्हाला?" मी म्हटलं, "मलाच." कॅट घेऊन अर्ध्या रस्त्यात परत फिरावंसं वाटलं. घरी आले तेव्हा त्या बाई गेल्या होत्या. मी कॅट आईच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. पेटी, ओचा, शंखजिरं, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्यानं सकाळी सांगितलं होतं? पेटीत ठेव म्हणून?"

"हो."

"आणि मी त्याचा हात डोक्यावर घेतला," आई म्हणाली.

मी आत गेले, बाहेर आले, पाणी घेतलं, न पिता ठेवलं. शेवटी तिनं कॅट माझ्याकडे सरकवला. "तो काय करायचा ते दाखव." मी कागद फाडला. नवे पत्ते गुळगुळीत, माझी बोटं दहा वर्षांची गंजलेली. पंखा अर्धा उघडला आणि बाकीचे पत्ते तिच्या मांडीवर सांडले. मी वेचायला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला केला. एकेक पत्ता तिनं स्वतः उचलला, सगळ्यांची तोंडं एकीकडे केली, कडा जमिनीवर ठोकून सारख्या केल्या. मग तो कॅट डाव्या हातात धरला, घट्ट, चुकीचा, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"अंगठा कुठं ठेवायचा?"

मी तिच्याजवळ खाली बसले, तिचा अंगठा धरला आणि जागेवर नेऊन ठेवला.