तपासणीहून परतल्यावर

वारंगा फाट्यावर माझ्या पंक्चरच्या दुकानाशेजारी एका बाईची चहाची टपरी आहे; मी तिला वहिनी म्हणतो. साखर किती, हे ती गिऱ्हाइकाला विचारत नाही. चेहरा बघून टाकते. तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. किरणांचे शेक घेतले, त्याला बरीच वर्षं झाली. दरवर्षी तपासणीला निघताना टपरीची किल्ली माझ्याकडे द्यायची. "न्हाई आले, तर लेकीला द्या," म्हणायची.

यंदा परतली ती डोळे पुसतच.

"वहिनी, काय म्हनले डॉक्टर?"

"आजार न्हाई म्हनले. आता तकलीफ झाली तरच या."

"मंग काहून रडून राहिल्या?"

"आता दरसाली मला कोन सांगंल, बाई तू बरी हायेस म्हनून?"

तिला पाणी द्यावं की पेढे आणावेत, मला कळेना.