चांदा जिल्ह्यातला पहिला रॉक अँड रोलवाला

हसणार नाई हे आधी कबूल करा, मंगच सांगतो. फजिती माही एकट्याची हाय, अन् खरं सांगू का, मले तिचा अभिमान पण हाय.

आपला जिल्हा तवा चांदा होता. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर. गावात वीज नाई, पण माह्याकडे चावीचा फोनो होता अन् एक रेकॉर्ड. रॉक अँड रोलची. नागपूरच्या साळ्यानं आणून देल्ली. पहिल्यांदा ऐकली अन् मी गेलोच कामातून. रोज शाळा सुटली का चावी भरायची अन् तेच गाणं. बायको म्हणे, "आज तरी भजन लावा जी." मी म्हणो, "हेच माह्यं भजन."

पण गावात दुसरा ऐकणारा नाई. मले वाटे, लोकायले एकदा नीट ऐकू तर द्या. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरली, दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळासाठी ब्रह्मपुरीहून बॅटरीवरचा भोंगा आला, अन् मी पाटलाले गाठलं.

पाटील म्हणे, "वाजवा मास्तर एक डाव. लोकं थांबले तर दरसाल वाजवा. पांगले तर फोनो पेटीत, पुन्हा माह्या कानावर नाई आला पाह्यजे."

"मंजूर," मी म्हटलं.

आता सांगा, एवढं पणाले लागल्यावर माणूस शांत राहीन का? दिवस बुडायले आला होता. फोनोच्या तोंडाशी माईक धरून मी सुई ठेवली. लोकं पानठेल्यापाशी बसून नुसते पाहून राह्यले. मले वाटलं, ढोल कमी पडून राह्यला. बाजूले रॉकेलचा रिकामा डबा होता. घेतली काठी अन् बडवला माईकसमोर जीव तोडून. वरून गाणाऱ्यासारखं ओरडलो, "हो, हो, होऽऽ!"

अन् काय सांगता, अख्खी मंडई उठली. म्हातारे उठले, बाया उठल्या, हातात काठ्या, तोंडानं "हो हो", उड्या मारत बांधावरून धावून राह्यले. पाटील सर्वात समोर, धोतर वर खोचून. माह्या डोळ्यात पाणी आलं हो. म्हटलं, पेटलं गाव. पुन्हा चावी भरली, पुन्हा सुई ठेवली, डबा दुप्पट बडवला.

अर्ध्या घंट्यानं पाटील परत आले, चिखलानं माखलेले.

"मास्तर, तुमाले इथून डुकरं दिसले कसे?"

"कोणते डुकरं?"

"माह्या धानाच्या बांधीतले. आमी गेलो तवा अख्खा कळप पळून राह्यला होता. मांगं वळून नाई पाह्यलं."

"मले कायचे दिसते? मी गाणं वाजवून राह्यलो होतो."

"मंग डबा काऊन बडवला?"

तवा कुठी माह्या डोक्यात उजेड पडला. धान उभं असताना दिवस बुडता डबा वाजला, वरून "हो हो", म्हणजे आमच्याकडे एकच गोष्ट. डुकरं शिरले, धावा. मी याच मातीतला, लहानपणी मीच असे किती डबे बडवले. पण त्या गाण्यापायी मले काईच सुधरलं नाई.

मान खाली घालून म्हटलं, "लोकं पांगले. फोनो पेटीत ठेवतो."

"ठेवू नका जी," पाटील म्हणे. "लोकं पांगले, पण डुकरं पण पांगले. फोनो माह्या मचाणावर ठेवा."

तवापासून धान पिकलं का मी मचाणावर. चांदा जिल्ह्यातला पहिला रॉक अँड रोलवाला, अन् दरसाल कार्यक्रम. पहिल्या ढोलालेच ऐकणारे पळते, ते सोडा. एका साली एक म्हातारं डुक्कर रेकॉर्ड संपेपर्यंत जागचं हललं नाई. दुसऱ्या दिवशी छाती फुगवून पाटलाकडे गेलो.

"पाटील, एक तरी रसिक भेटला."

"कोणतं? कान तुटलेलं?"

"तेच."

"ते बहिरं हाय जी."