पांढरी पँट

आमच्या बँडचा गणवेश पांढरा. दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, पुढे उभे राहून ट्रम्पेट वाजवायचे आणि मी त्यांच्या मागे ढोल. सूर इतका लांबवायचे की धाप ऐकणाऱ्याला लागायची.

मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून ती ग्रंथीच काढून टाकली. पुढचे रिपोर्ट चांगले आले, जिवावरचं टळलं. पण लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर खोकलं तरी थेंब, हसलं तरी थेंब. फुंकलं तर विचारूच नका. दाजींनी ट्रम्पेट कपाटावर टाकून दिलं.

"संपलं वाजवणं," म्हणाले. "पांढऱ्या पँटीत चारचौघांत शोभा कोण करून घेणार?"

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू धरा, मग सोडा. दाजी इमानेइतबारे करत होते आणि गळती वाढतच होती. शेवटी बाई म्हणाल्या, माझ्यासमोर करा. 'धरा' ऐकताच दाजींनी छाती भरून घेतली, गाल फुगवले, पोट घट्ट केलं. जन्मभर सूर धरलेला माणूस, त्याला धरणं म्हणजे एवढंच ठाऊक. बाईंना हसू आवरेना.

"काका, तुम्ही वरून ढकलताय. श्वास चालू ठेवा, फक्त खालून उचलून धरा."

"म्हणजे वर सोडायचं आणि त्याच वेळी खाली धरायचं?"

घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. दाजी नव्याने शिकायला बसले. उठताना, वाकताना, भाजी निवडताना तेच. ताई म्हणायची, "हल्ली भांडण अर्ध्यावर सोडतात. खाली काहीतरी धरलेलं असतं." काही महिन्यांनी गळतीसाठी लावायचे पॅड सुटले. मग एक दिवस कपाटावरचं ट्रम्पेट खाली आलं.

पहिल्या कार्यक्रमाला दाजी पांढरी पँट घालून आले. ताईच्या पिशवीत काळी पँट होती, न बोलता आणलेली.

त्यांनी तो लांब सूर लावला. माझी नजर त्यांच्या पँटीवरून हलेना. आता डाग पडेल, आता पडेल. सूर मात्र थांबेना. पूर्वी जिथे तुटायचा, ती जागाही मागे टाकून तो पुढे गेला. माझ्या अंगावर काटा आला. कापलेल्या, शिवलेल्या शरीराने या वयात हे नवं कुठून आणलं, मला कळेना. डोळे भरून आले.

सूर संपला. दाजींनी मान वळवली आणि हळूच म्हणाले,

"मेव्हणे, पँट कोरडी आहे. तुमचा ढोल कुठे गेला?"