जोडीनं टांगलेले बोंबील

व्हिएतनाममध्ये मला 'एक्सपॅट' म्हणायचे, म्हणजे परदेशातून येऊन राहिलेली. इथे, माझ्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये, मला 'गाववाले' म्हणतात. एकटीलाच, पण अनेकवचनात. लिफ्टचं दार बंद होता होता ऐकू येतंच, "ते तिसऱ्या मजल्यावरचे ना, गाववाले." अरे, गाव कुणाचं? जिथे तुमची लिफ्ट खाली-वर करते ना, तिथे माझ्या सासूचं घर होतं आणि घरापुढे खळं होतं. शेणानं सारवलेल्या त्या खळ्यावर ती जवळा पसरायची आणि बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायची. ते पाडून सात मजले चढले आणि आम्हाला दोन फ्लॅट मिळाले. एकात दीर-जाऊ, एकात आम्ही. बाकीच्यांत कोण कुठून आलं, देव जाणे.

माझा नवरा इकडे उरणच्या बंदरात कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. त्याला व्हिएतनाममधल्या क्वी न्योनच्या बंदरात चार वर्षांचं काम मिळालं. मी नकाशात शोधलं तेव्हा समुद्राच्या कडेला एक ठिपका दिसला, बस्स. मुलगा बंगलोरला शिकायला होता. सासू म्हणाली, "जा गो, मना काय वाग खातोय?" आणि ती दिरांकडे राहिली. मी पन्नाशीला टेकलेली बाई, उभ्या आयुष्यात गोव्याच्या पलीकडे गेले नव्हते.

शहर एवढं शांत की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कुणी मेलंबिलंय का इथे. सकाळचे अकरा वाजले की दुकानदार दुकानातच खाट टाकून झोपायचे. पहाटे साडेचारला मात्र सगळं शहर समुद्रात. म्हाताऱ्या बायका, बाप्ये, सगळे गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून गप्पा मारायचे, जसं आपण नाक्यावर मारतो. आणि सहाच्या आत घरी जाऊन कामाला लागायचे. बाकी परदेशी लोक किनाऱ्यावरच्या एका कॅफेत जमायचे. तिथे मी दोनदा गेले. दोन्ही वेळा विषय एकच, ह्या शहरात चीज चांगलं मिळत नाही आणि कोंबडे फार लवकर आरवतात. मी म्हटलं, बसा तुमचं चीज घेऊन.

आम्ही राहायचो वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीण. साठी उलटलेली, एकटी, दात पुढे, हसायला लागली की डोळे गायब. तिनं मला पहिल्याच दिवशी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, "ची." म्हणजे थोरली बहीण. झालं, त्या दिवसापासून ती माझी ची. भाषा? कसली आलीय भाषा! अर्ध्या गोष्टी हातवाऱ्यांनी, अर्ध्या मोबाइलवर. मोबाइलमध्ये ती बोलायची, तो मराठीत काहीतरी ओकायचा आणि आम्ही दोघी त्याला हसायचो.

एका सकाळी ची बांबूच्या तट्ट्यांवर बारीक मासळी पसरत होती. फुटपाथवर, चक्क लोकांच्या जायच्या-यायच्या वाटेवर. शेजारणीचा तट्टा तिच्या तट्ट्याला लागून, त्यापुढे तिसरीचा. लोक स्कूटर वळवून जात होते. कुणी नाक धरलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. मला तो वास आला आणि खरं सांगते, मी जिन्यातच बसून रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा घर आठवलं, आणि तेही खळ्यासकट, जे आता नव्हतंच.

मी खाली जाऊन तट्ट्यासमोर उकिडवी बसले आणि मासळी उलटायला लागले. हाताला कुणी शिकवायची गरज नव्हती. ची माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यात असेल की ही इंडियाची मॅडम आहे, ऑफिसरची बायको. थोड्या वेळानं तिनं स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली.

त्यांच्याकडेही बोंबील मिळतात. नाव वेगळं, पण तोच तो, लिबलिबीत, बापडा. तिथले लोक बोंबील आडवे पसरून वाळवायचे. मी म्हटलं, छे, असं नाही. मग मी तिच्या अंगणात दोरी बांधली आणि सासूनं मला शिकवलं होतं तसं दाखवलं. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. ना गाठ ना काडी. ची एवढी हसली, एवढी हसली! गल्लीतल्या बायकांना हाका मारून आणलं. त्यानंतर दर मोसमाला तिच्या दारात एक दोरी माझ्या पद्धतीची असायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. काय सांगायची कुणास ठाऊक, पण मान ताठ करून सांगायची.

निघायच्या दिवशी मी मोबाइलमध्ये बोलले, "तू माझ्या घरी ये. आमच्या बिल्डिंगला मोठी गच्ची आहे. माझी सासू तिथे मासळी वाळवते. आपण तिघी मिळून वाळवू." मोबाइलनं भाषांतर केलं. चीनं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

परत आले तेव्हा सासू खरंच गच्चीवर वाळवत होती. आम्ही आल्यावर ती दिरांकडून आमच्याकडे राहायला आली. लिफ्टनं सातव्या मजल्यापर्यंत जायची, मग एक जिना गुडघे धरून चढायची. मोरा बंदराच्या धक्क्यावरून कुणी ना कुणी तिला मासळी आणून द्यायचं. खळं गेलं त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. फक्त म्हणायची, "खला वर गेला."

तोपर्यंत बिल्डिंगमध्ये कुरकुर सुरू झाली होती. वास येतो, माश्या येतात, पाहुणे येतात तेव्हा लाज वाटते. एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. गोड माणूस, बोलणं तर तुपातलं. "मॅडम, तुम्ही फॉरेनला राहून आलात. तुम्हाला स्टँडर्ड कळतं. तुमच्यासारखी माणसं कमिटीत हवीत." मी चहा ठेवला. वर बिस्किटंही दिली. इतकी वर्षं ज्यांनी लिफ्टमध्ये मान वळवली, ते मला मॅडम म्हणत होते आणि मी फुगले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मी कमिटीत गेले. तिसऱ्या मीटिंगमध्ये कागद पुढे आला: गच्चीवर मासळी वाळवण्यास सक्त मनाई, गच्चीला कुलूप राहील, चाव्या कमिटीकडे. बाकीच्या दोघांनी सह्या केल्या आणि पेन माझ्याकडे सरकवला. कुणी जबरदस्ती केली नाही. नुसते बघत होते, ही कुणाच्या बाजूची ते. मी सही केली. मराठीत, वळणदार, शेवटी दोन टिंबं. एक चावी माझ्या जुडग्यात आली.

घरी येऊन सासूला सांगितलं, "आई, गच्चीवर टाकीचं काम चालू आहे. वॉटरप्रूफिंग. काही महिने बंद राहील." तिला वाचता येत नाही. बँकेत अंगठा लावते आणि शेजारी साक्षीदार म्हणून मी सही करते. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टाकीचा काम हाय? बरा मंग." त्यानंतर तिनं गच्चीचं नाव काढलं नाही. धक्क्यावरून निरोप आला की सांगायची, नको, घरात हाय. घरात काही नव्हतं. मला ते दिसत होतं आणि मी मूग गिळून बसले होते. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, "तू बघ काय ते." पुरुषांचं बरं असतं. मी मात्र एकदाही वर गेले नाही. कागद दारावर लावला हे कळलं, तेवढं पुरे होतं.

आणि मग चीचा मेसेज आला. बुद्धाची ठिकाणं बघायला तिच्या देवळातल्या बायकांचा गट इंडियात येणार होता आणि मुंबईत त्यांचा एक दिवस मोकळा होता. "मी तुझं घर बघणार. तुझी आई बघणार. गच्ची बघणार." मी तीन दिवस झोपले नाही. ये म्हणू की नको म्हणू? शेवटी 'ये' लिहिलं. मनाशी ठरवलं, घरातच बसवायचं, खायला घालायचं, टाकीचं काम सांगायचं आणि बोळवण करायची. बोळवण! जिनं मला चार वर्षं आपल्या दारात बसवलं तिची.

नवरा तिला हॉटेलवरून गाडीनं घेऊन आला. राखाडी कपडे, गळ्यात माळ, तीच टोपी. यात्रेला निघाल्यापासून ती मासे-मटण खात नव्हती, म्हणून मी वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. सासूनं तिला दारातच धरलं. "ये बाय, ये, बस." दोघी शेजारी बसल्या. एक आपल्या बोलीत बोलत होती, एक तिच्या, आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. मला तर मोबाइल लागायचा.

जेवण झाल्यावर चीनं पिशवीतून एक पुडकं काढलं. चार-पाच पिशव्यांत गुंडाळलेलं. उघडलं तर आत बोंबील. सुकलेले, आणि जोडीनं, जबड्यात जबडे अडकवलेले, माझ्या पद्धतीचे. विमानातून, देवळांतून, स्वतः एक घास न खाता, तिनं ते सोडवले नव्हते. मला दाखवायचं होतं ना तिला, की जमतं म्हणून.

सासूनं एक जोडी उचलली, उन्हात धरल्यासारखी खिडकीकडे धरली. मग दाबून बघितली, नीट सुकलीय का ते. "गो, हे थोरे वले हान अजून," ती म्हणाली. "एक उन लागल यांना." उठली, चीचा हात धरला आणि दाराकडे निघाली. मी म्हटलं, "आई, टाकीचं काम..." ती ऐकत असेल तर ना! दोघी लिफ्टमध्ये शिरल्यासुद्धा. मी दाराचं जुडगं उचललं आणि मागून धावले.

सातव्या मजल्यावर सासूनं कठड्याला धरून जिना चढला. चीनं मागून तिला आधार दिला. वर दार, दाराला कुलूप आणि दारावर कागद. तो मी पहिल्यांदाच बघत होते. मी सही केली तेव्हा त्यावर नुसती अक्षरं होती. सेक्रेटरींनी नंतर मधोमध एका मोठ्या माशाचं चित्र चिकटवलं होतं आणि त्यावर लाल फुली मारली होती. खाली तीन सह्या. तिसरी माझी.

चीनं तो मासा बघितला. तिला वाचायची काय गरज! तिचा चेहरा पडला. घाईघाईनं तिनं सासूच्या हातातली जोडी घेतली, पुडक्यात कोंबली, पिशवीवर पिशवी चढवली, जणू चोरीचा माल. मग मोबाइल काढून हळू आवाजात बोलली. मोबाइल त्या जिन्यात मोठ्यानं म्हणाला, "मला माफ कर. तुझ्या घरात मासा चालत नाही हे मला माहीत नव्हतं. तुला त्रास झाला का?"

त्या आवाजानं खाली सातव्या मजल्यावरचं एक दार उघडलं. एक बाई बाहेर येऊन मान वर करून बघत उभी राहिली. कमिटीतलीच. माझ्याकडे बघून हसली, ओळखीचं.

सासू माझ्याकडे वळली. "चावी कार गो."

जुडगं माझ्या हातात होतं. मी मूठ आवळली. "चावी सेक्रेटरींकडे असते, आई."

सासू माझ्या मुठीकडे बघत राहिली. चिडली नाही. ती चिडली असती, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी शिवी घातली असती, तर मी आज हे लिहायला बसले नसते. ती एवढंच म्हणाली, "मना वाचता येत नाय. पन मासली वलखता येते. आनि तुजी सही पन वलखता येते, माजे आंगठ्याचे बाजूलाच असते ती." मग श्वास घेऊन, "दिवालीचे आदीच येऊन बगून गेले मी."

एकटी चढली होती, त्या गुडघ्यांनी. आणि तेव्हापासून रोज माझ्या हातचं जेवत होती.

तिनं चीच्या हातातल्या पुडक्यावर थोपटलं. "नी बाय, तुजे घरा परत नी. आमचे घरान वालत घालाला जागा नाय." ची माझ्याकडे बघू लागली, मी भाषांतर करीन म्हणून. मी नजर कुलपावर ठेवली. मोबाइलचा उपयोग नव्हता, आमची बोली त्याला येत नाही. पण चीला कळलं. तिनं पुडकं पिशवीत ठेवलं, सासूला कमरेत वाकून नमस्कार केला आणि तिचा हात धरून तिला एकेक पायरी खाली उतरवायला लागली.

त्या दोघी लिफ्टनं खाली गेल्या. मी तिथेच उभी राहिले, दारासमोर. खालची बाई दार लावून आत गेली होती. आता बघायला कुणीही नव्हतं. मी मूठ उघडली, चावी कुलपात घातली. एका झटक्यात उघडलं. वर लखलखीत ऊन पडलं होतं.