खिशातले फ्यूज

नारायण पेठेतल्या एका अरुंद बोळात पंख्यांच्या आणि मिक्सरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणारं एक दुकान आहे. परवा मी माझा मिक्सर आणायला गेले, तर दुकानदारांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "आपल्याला गुरुवार सांगितला होता ना? आज बुधवार आहे." एवढं बोलून ते पुन्हा तांब्याच्या तारेकडे वळले. खरं तर मला राग यायला हवा होता, पण मी तिथेच घुटमळत राहिले. आत कुठल्याशा मोटारीवर नुकतंच वार्निश चढवलेलं होतं आणि त्याचा वास बोळभर पसरला होता. गोडसर, जड, घशाला किंचित धरणारा वास. कुणाला जाईजुईच्या वासाने गेलेले दिवस आठवतात. आमच्या नशिबी वार्निश! घरी येईपर्यंत तो वास ओढणीत राहिला आणि मन उगाच उदास होऊन गेलं. उगाच तरी कसं म्हणू? कारण मला चांगलं ठाऊक होतं.

हा वास मला पहिल्यांदा भेटला तो आमच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत. मी वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकत होते. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत मुली कॉम्प्युटरला जात, कॉमर्सला जात. मी पक्कड आणि टेस्टर घेऊन निघाले की जिन्यात भेटणारी माणसं माझ्या आईकडे सहानुभूतीने बघत. वर्गात आम्ही मुली दोघीच. दुसरी विदर्भातून आलेली, शहराबाहेर मांजरी गावाला उसाच्या शेतांच्या कडेला उठलेल्या नव्या वस्तीत मावसबहिणीकडे राहणारी. सिटी बस बदलत बदलत ती यायची आणि तरी माझ्याआधी पोचलेली असायची. तिच्या हाताला विलक्षण शिस्त होती. तारेचं वेटोळं ती असं घालायची, जशी वेणी घालावी. कार्यशाळेच्या उंच खिडक्यांतून पडणाऱ्या मळकट उजेडात मान खाली घालून ती काम करू लागली, की मुलंसुद्धा आपला गलका आवरता घेत.

तिच्यापुढे एकच गोष्ट होती. वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, शिक म्हणतेस तर शिक; पुण्यात कायमची नोकरी लागली तर राहा, नाही तर परत ये, आम्ही स्थळ पाहून ठेवतो. ती हे हसत सांगायची, पण सांगताना हातातली तार घट्ट धरायची. "मी काही वापस जात नाई," ती म्हणायची, "मले हे काम येते. मले दुसरं काहीच इतकं चांगलं येत नाई वं." तिचं हे बोलणं ऐकताना मला माझ्या सोयीच्या आयुष्याची थोडी लाज वाटायची आणि तिचा हेवाही. एखाद्या कामावर इतका जीव जडावा, तर तो असा.

आम्हाला शिकवणारे सर अस्सल पुणेरी होते. कौतुक करायचं झालं तर म्हणत, "वा, आज वर्ग जळाला नाही." पण एका बाबतीत ते चेष्टा करत नसत. यंत्रावर काम करायचं, तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या पेटीतले पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज उपसून काढायचे आणि ते आपल्या स्वतःच्या खिशात ठेवायचे. फ्यूज नाही, म्हणजे कुणी बटण दाबलं तरी वीज येणार नाही. "पेटीवर ठेवायचे नाहीत, मित्राच्या हातात द्यायचे नाहीत, देवाच्या पायाशीसुद्धा नाहीत," सर म्हणत. "तुमचा जीव तुमच्या खिशात. आणि दुसऱ्याच्या पेटीत फ्यूज दिसले नाहीत, तर समजायचं, आत कुणाचा तरी हात आहे. तो हात बाहेर आलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पेटीला शिवायचं नाही." आम्हा दोघींच्या कुडत्यांना खिसेच नव्हते. सरांनी आमच्याकडे पाहून सुस्कारा सोडला. "शिंप्याला जाऊन सांगा, मुलींनाही जीव असतो म्हणावं." आम्ही त्याच दिवशी खिसे शिवून घेतले. तिने तर खोल शिवून घेतला, वरून झाकण आणि बटण लावून.

पुढे आम्हा दोघींना एकाच कारखान्यात उमेदवारी, म्हणजे शिकाऊ नोकरी, मिळाली. आज मोठ्या कारखान्यांतून स्विचला कुलूप घालतात, त्यावर आपलं नाव लटकवतात. पण आमच्या त्या जुन्या विभागात फ्यूज खिशात घालण्याचाच रिवाज होता, आणि तिथले फोरमनकाका त्या बाबतीत सरांचेच भाऊ शोभले असते. उमेदवारी संपताना देखभाल विभागात एक जागा भरायची आहे, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती कुणाला मिळणार हेही. काका तिला "या, बाईसाहेब" म्हणत आणि अडलेल्या मोटारीपाशी आधी तिला नेत. मी दुसरी होते. मला त्याचं दुःख नव्हतं. तिला ती जागा मिळावी, असं मला मनापासून वाटे.

तो दिवस पावसाळा सरतानाचा, कोंदट. डबे भरण्याच्या लांबलचक यंत्राखाली खड्ड्यात उतरून ती एका मोटारीची जोडणी बदलत होती. काम झालं, ती वर आली, तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. चहा पिऊन मग चालू करून पाहू, असं तिने ठरवलं असणार. आमचे फोन फाटकाजवळच्या चौकीत ठेवून घेत. ती सहज फोन पाहायला गेली, तर भावाचे कितीतरी फोन येऊन गेलेले. आईला अचानक दवाखान्यात हलवलं होतं. आईचं तिने कसंबसं सांगितलं आणि चौकीवरच्या माणसाने पुढे काही न विचारता, वहीत न लिहिता फाटक उघडलं, आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी एसटी स्टँडकडे धावली. थोड्या वेळात त्या माणसाचीही पाळी संपली आणि तोही घरी गेला.

दुसरी पाळी कामावर आली, तर यंत्राच्या पेटीत फ्यूज नाहीत. स्टोअरमध्ये तसले फ्यूज हवे तितके होते. पण कुणीही ते आणायला गेलं नाही. फ्यूज नाहीत म्हणजे ती आत आहे. काकांनी खड्ड्यात वाकून तिला हाक मारली. उत्तर आलं नाही. मग ते स्वतः खाली उतरले. त्यांच्यामागे दोघे उतरले. कुणी पट्ट्याखाली वाकून पाहू लागलं, कुणी मागच्या बोळकांडीत गेलं, कुणी डबे रचून ठेवलेल्या राशीआड. मी स्त्रियांच्या खोलीत जाऊन आले, गच्चीवर जाऊन आले. तिचा फोन बंद लागत होता. चौकीत विचारलं, तर बाहेर गेल्याची नोंद नाही; तिचा फोन जागेवर नव्हता, पण सुट्टीत फोन चोरून आत आणणारे होतेच. मग सगळ्यांच्याच मनात एकच आलं, कुठेतरी ती निपचित पडली असेल. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकही यंत्र चालू नव्हतं, आणि माणसं तिच्या नावाने हाका मारत फिरत होती. आयुष्यात मी पुढे बरंच काही पाहिलं, पण तसली भीती पुन्हा कधी वाटली नाही.

शेवटी चौकीवरच्या त्या पहिल्या माणसाचा घरचा नंबर मिळाला. तो म्हणाला, "अहो, ती मुलगी तर केव्हाच गेली. तिची आई सिरियस आहे." ते ऐकून काका होते तिथे जमिनीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. यंत्र सुरू झालं तेव्हा दुसरी पाळी जवळजवळ सरली होती.

तिकडे एसटीत तिकीट काढायला तिने खिशात हात घातला आणि हाताला फ्यूज लागले. हे तिने मला नंतर सांगितलं. फोनची बॅटरी संपलेली; शेजारच्या बाईंनी आपला फोन पुढे केला, तर घरच्या नंबराशिवाय तिला एकही नंबर पाठ नव्हता. "उतरून वापस यावं असं वाटलं," ती म्हणाली, "अन् मग मायचा चेहरा दिसला." ती पोचली तेव्हा आई गेलेली होती.

तेरावं आटोपून ती परत आली. रुमालात गुंडाळलेले फ्यूज तिने साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आईविषयी विचारलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, "अहो, तुमचं दुःख मला समजतं. पण कळवलं असतं, तर आमची अख्खी पाळी बंद राहिली नसती. वर मी काय सांगू?" काका मध्ये पडले. "साहेब, पोरगी चुकली, मान्य. पण फ्यूज खिशात ठेवायला आम्हीच शिकवलं तिला." साहेब कागद चाळत राहिले. तिची उमेदवारी त्यांनी पूर्ण करून दिली. जागा मला दिली.

मी ती घेतली. न घेऊनही जागा तिला मिळणार नव्हती, आणि तिनेच मला बजावलं होतं, "घे वं. निदान आपल्यापैकी एक तर राहू दे." मी सरांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, काहीतरी तिरकस बोलतील आणि मला जरा हलकं वाटेल. "खिशात ठेवायला शिकवलं," ते म्हणाले, "खिसा रिकामा करून घरी जायला शिकवायचं राहिलं माझ्याकडून." मग ते उठून हात धुवायला गेले. त्यानंतरच्या तुकड्यांना ते हेही शिकवू लागले, असं ऐकलं.

आता त्या विभागात फ्यूज उरलेले नाहीत. बोटाने खटका दाबला की वीज जाते, दाबला की येते. नवी मुलं हुशार आहेत, पडद्यावर बघून बिघाड सांगतात. मीही आता त्यांची "मॅडम" झाले आहे. त्या यंत्राजवळून जाताना कधी कधी वाटतं, एका माणसाचा पत्ता लागेना म्हणून माणसांनी सगळं थांबवलं आणि त्याला हाका मारल्या, असं पुन्हा कुठे पाहिलं आपण? माणसं एरवीही नाहीशी होतात. गावी जातात, लग्न होऊन जातात, कुणाच्या तरी घरात शिरतात आणि दिसेनाशी होतात. त्यांच्या जागी दुसरी येतात आणि काम सुरळीत चालू राहतं. तिच्या जागी मी आले आणि काम सुरळीत चालू आहे.

दर दिवाळीला मी तिला फोन करते. तिला दोन मुलं आहेत, सासर खाऊनपिऊन सुखी आहे, नवरा भला आहे. गेल्या दिवाळीला मी विचारलं, हाताला कधी काम लागतं की नाही? ती हसली. घरातली लाइट गेली, की शेजारच्या गावातून एका माणसाला बोलावतात, म्हणाली. "सासरे म्हणतात, बाईमाणसानं विजेले हात नाई लावावा. तो मेन बंद न करताच तारा जोडत असते. मी मागून म्हणते, 'भाऊ, आधी बंद करा.' तो हसते." मी विचारलं, मग तू काय करतेस? ती म्हणाली, "काय करू वं? मी बॅटरी धरून उभी राहते, त्याले दिसलं पाह्यजे म्हणून."