कॅमेऱ्यासमोर बाबा

माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्याच संग्रहालयात कोंडलं, तेव्हा ते बघायला उल्हासनगरच्या एका शाळेचा अख्खा वर्ग हजर होता. कॉम्प्युटरवर.

संग्रहालय म्हणजे बदलापूरला, कात्रपमधल्या आमच्या घराची पुढची खोली. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, बाबा भंगारवाल्यांकडे गेले. उल्हासनगरच्या भंगार बाजारातून, बारवी धरणाकडच्या पाड्यांतून त्यांनी जुनी कुलपं गोळा केली. पेटीची, तिजोरीची, गोठ्याची. खोलीच्या दारालाही संग्रहातलंच एक दणकट कुलूप, दाबलं की बसणारं. किल्ली बाबांच्या खिशात.

रविवारी चार-दोन माणसं यायची. पण त्या वर्षी छताच्या प्लास्टरचा मोठा तुकडा खाली आला. टेकू लागेपर्यंत आत कोणी जायचं नाही, असं इंजिनिअरने बजावलं. संग्रहालय बंद झालं आणि बाबांचं जेवण कमी झालं. दिवसभर ओट्यावर बसून ते बंद दाराकडे बघत राहायचे. मला ते बघवेना.

मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. म्हटलं, माणसं आत येऊ शकत नाहीत ना, मग संग्रहालयच त्यांच्या घरी पाठवू. (माझ्या कल्पनांबद्दल नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण तो कामावर होता.) वेबकॅम आणला. त्याची वायर दोन खोल्यांमधल्या भिंतीतल्या उंच झरोक्यातून मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडली. उल्हासनगरच्या शाळेतल्या सावंत मॅडमना कळवलं, त्यांनी मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. मस्कतचा चुलत दीर आणि कुठकुठले कुलूपप्रेमीही चॅटवर आले.

बाबांकडून कुलूप उघडून घेऊन मी जीव मुठीत धरून आत गेले, कॅमेरा फळीवर ठेवून लगेच बाहेर आले आणि मधल्या खोलीत चित्र तपासलं. परत येऊन बघते तर दार उघडंच. आपणच विसरलो, असं म्हणत मी कुलूप दाबलं आणि बाहेरच्या जगाला हे कसं दिसतं ते बघायला कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले.

चित्र आलं. फळीवरची कुलपं झकास दिसत होती. आणि त्यांच्यामागून, हातात धूळ पुसायचं फडकं घेऊन, बाबा आले.

आमच्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता, आणि चित्रही थांबत थांबत पुढे सरकायचं. एका चित्रात बाबा दार ढकलताहेत. पुढच्यात दोन्ही हात वर. पुढच्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, तोंड उघडून काहीतरी सांगताहेत.

खाली चॅटवर मजकूर पडत होता. मॅडमनी लिहिलं, मुलं टाळ्या वाजवताहेत. एका सिंधी भाईंनी लिहिलं, "अंकलजी की ॲक्टिंग एकदम नॅचरल है!" मी लिहिलं की ही ॲक्टिंग नाही, ते खरंच कोंडलेत. त्यावर मस्कतहून उत्तर आलं : वहिनी, स्टोरी मस्त आहे.

तेवढ्यात पडदा पांढरा झाला. धूळ. बाबा दिसेनात. खाली कोपऱ्यात फक्त एक चप्पल. आणि चित्र तिथेच अडकलं.

मी धावत सुटले. कॅफेवाला पैशांसाठी मागून हाका मारत होता. छत पडलं असेल तर नवऱ्याला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. घरी पोचून दारावर थापा मारणार, तर बाबांच्या हाका ऐकून शेजारचे कांबळेकाका आधीच पहार घेऊन उभे. मी त्यांचा हात धरला. दाराला दणका बसला तर उरलेलं प्लास्टरही खाली येईल.

"बाबा!" मी हाक मारली.

आतून खोकला.

"वैशाली, कुलूप तू लावलंस का?"

"हो."

"मग बरोबर बसलंय. उघडत नाहीये."

मला तिथेच रडू फुटलं. प्लास्टर पडलं होतं, पण त्यांच्या अंगावर नाही, शेजारी; ते टेबलाखाली शिरले होते. आता किल्ली आत, कुलूप बाहेर, दाराला फट नाही, खिडकी फळ्यांनी बंद, झरोका त्यांच्या हातापासून दूर आणि स्टुलावर चढायचं त्यांचं वय नाही. शेवटी मी म्हटलं की किल्ली कॅमेऱ्याच्या वायरीला बांधा. त्यांनी बांधली. मी मधल्या खोलीत खुर्चीवर उभी राहून वायर ओढू लागले. मागून पुन्हा प्लास्टर पडल्याचा आवाज आला, पण थांबून चालणार नव्हतं. कॅमेरा झोके खात वर येत होता आणि समोर कॉम्प्युटरवर बाबांचं टक्कल हळूहळू लहान होत होतं. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या म्हणे.

बाबा बाहेर आले ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. मी पाया पडून माफी मागितली. त्यांनी चष्मा पुसला आणि किती जण बघत होते, ते विचारलं. मी आकडा सांगितला. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

टेकू लागले, स्लॅब दुरुस्त झाला, संग्रहालय उघडलं. पहिल्याच रविवारी सावंत मॅडम वर्ग घेऊन आल्या. मुलांनी कुलपं भराभर पाहिली, बाबांशी हात मिळवले आणि मग सगळी माना वळवून कुणाला तरी शोधू लागली. शेवटी एका मुलीने विचारलं, "आजोबांना कोंडणाऱ्या त्या बाई कुठे ठेवल्यात?"

बाबांनी मला हाक मारली, भिंतीला टेकवून सरळ उभं केलं आणि मुलांना सांगितलं, "लांबून बघा. हात लावू नका."