साडभाऊंच्या होडीच्या दोन पट्ट्या

"दाबा मास्तर, उजवी दाबा! जोरानं दाबा ना, भाकरी थापून राहिले का?"

वडाळीच्या तलावाच्या मधोमध, धावत्या मोटारबोटीत उभे राहून आमचे साडभाऊ ओरडत होते. मी उजव्या पट्टीचा दांडा जीव खाऊन हापसत होतो आणि जितका हापसत होतो तितकी होडी डावीकडे कलत होती. डावीकडे आमचे मेहुणे बसले होते. शेंदूरजनाघाटचे संत्रा बागाईतदार, अंगानं असे की ते बंडीत चढले की बैल मागे वळून पाहायचे. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला होता. "भाऊजी, मले पोहता येत नाही! आताच सांगून ठेवतो, मंग म्हनसान सांगतलं नाही!"

अख्ख्या वऱ्हाडात वाकडी वस्तू बिलकुल सहन न होणारा माणूस एकच जन्मला आणि तो माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याच्या एका प्रेसिंग फॅक्टरीत फिटर होते. रुईच्या ढिगाची दगडासारखी गाठ बांधणारं तिथलं अवाढव्य दाबयंत्र त्यांच्याच हातानं चालायचं. त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट दाबून सरळ होते, अशी त्यांची श्रद्धा होती. आम्ही एकदा त्यांच्याकडून निघालो, तर आमची वळकटी त्यांनी स्वतः बांधून दिली. ती घरी येऊन तिसऱ्या दिवशी उघडली आणि आतली गादी पापडासारखी निघाली. कोटाच्या खिशात सदैव गवंड्याची पाणसळ. जेवायला बसले की आधी ती पाटावर ठेवून काचेतला बुडबुडा बघणार आणि मग वरणाला हात लावणार. मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेत बसले तर बाकावर पाणसळ ठेवून गार्डला हाक मारली, "गार्डसायब, गाडी तुमची दक्षिणेले झुकून राहिली." गार्ड म्हणाला, "झुकू द्या, चालून तं राहिली ना." त्या गार्डशी साडभाऊ पुढे कधी बोलले नाहीत.

अशा माणसाच्या हाती होडी आली. चिखलदऱ्याचा एक कॉफीवाला साहेब देश सोडून गेला, त्याची मागे पडलेली होडी यांनी दोन बंड्या जोडून अकोल्याला आणली. उन्हाळ्यात अकोल्यात आंघोळीला पाणी नसे, पण साडभाऊंच्या अंगणात मोटारबोट होती. मोटार मात्र मेहुण्यांची. त्यांनी विहिरीवर बसवायला जुन्या जीपचं इंजिन घेतलं आणि दुरुस्तीसाठी साडभाऊंकडे धाडलं. इंजिन दुरुस्त झालं, फक्त विहिरीऐवजी होडीत बसलं. तेही पार मागे. त्यामुळे बंड्यांवरून वडाळीच्या तलावात नेली की होडी अशी नाक वर करून चाले की मामलेदारीणबाई बाजारातून निघाल्यासारखी वाटे. साडभाऊंना हे कसं बघवणार? रद्दीतल्या एका विलायती मासिकात त्यांना यावरच्या इलाजाचं चित्र सापडलं. चित्राखालचा मजकूर भज्यांच्या तेलात गेला होता. होडीच्या बुडाशी, मागच्या कडेला डाव्या-उजव्या अंगाला बिजागरीवर एकेक पितळी पट्टी. प्रत्येकीवर लॉरीच्या जॅकचा दट्ट्या. तिथून तांब्याची नळी पुढे दोन दांड्यांपर्यंत आणि नळीत तेल. दांडा हापसला की तेल दट्ट्याला रेटतं आणि दट्ट्या पट्टी खाली दाबतो. एवढं त्यांनी नुसतं चित्र बघून बसवलं. काम असं चोख की तेलाचा एक थेंब गळत नव्हता.

इकडे शेंदूरजन्यात विहिरीचं पाणी खोल गेलं होतं. मोटेला दोर पुरत नव्हता आणि संत्र्याची आंबिया बहाराची फळं गळायला लागली होती. पण जावयाकडून वस्तू परत मागायची, हे मेहुण्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी पैज लावली. "भाऊजी, होडी सरळ चालून दाखवा, इंजिन तुमाले बक्षीस. नाही चालली तं आजच बंडीत घालून नेतो." पैज लावली म्हणजे मागितलं असं होत नाही.

तर आम्ही तिघं तलावात, आणि होडी मेहुण्यांच्या अंगाला कललेली. साडभाऊंचा हिशोब सरळ होता. डावं अंग खाली आहे, म्हणजे उजवं दाबा. दाबलं, आणि पाणी मेहुण्यांच्या मांडीवर आलं.

साडभाऊंनी इंजिन बंद केलं. होडी थांबली तशी निम्मी सावरलीही. मग वाकून त्यांनी पंजा आडवा धरला आणि पाण्यात दाबून पाहिला.

"वीस वर्सं रुई दाबली मास्तर," ते हळूच म्हणाले. "रुई दाबली का खाली जाते. पानी थोडीच जाते! पट्टी त्याच्यात घातली का ते उलटं वर ढकलते. ज्या अंगाची पट्टी खाली, तेच अंग वर. हापसा डावी!"

"मले आधी काठावर उतरवा," मेहुणे म्हणाले.

"तुमी उतरले तं उचलू कोनाले, मेहुनेबुवा?"

उजवी सोडली, डावी हापसली. होडी उभी होती तोवर काहीच झालं नाही. वेग आला तसा पट्टीखाली पाण्याचा रेटा बसला आणि मेहुणे त्यांच्या अख्ख्या वजनासकट उचलले गेले. मग दोन्ही पट्ट्या थोड्या थोड्या दाबल्या. मागचं बूड वर आलं, नाक खाली बसलं. साडभाऊंनी पाणसळ फळीवर ठेवली. बुडबुडा मधोमध, हलेना. तेवढ्यात तलाव संपला आणि आम्ही म्हशींच्या कळपात शिरलो. सरळच शिरलो.

काठावर मेहुण्यांनी धोतर पिळलं. "शब्द म्हनजे शब्द. इंजिन तुमचं," म्हणाले आणि बसस्टँडची वाट धरली. साडभाऊ त्यांना पोचवायला म्हणून शेंदूरजन्यापर्यंत गेले आणि दोन दिवस राहिले.

पंधरा दिवसांनी मी अकोल्याला गेलो. होडी अंगणात कडुलिंबाखाली होती. इंजिनाची जागा रिकामी. पुढच्या फळ्यांवर माझ्या मेव्हणीनं कुरडया वाळत घातल्या होत्या. साडभाऊ एकटेच आत बसून दांडा हापसत होते. मागे पट्टी खाली जाई, वर येई. तिच्याखाली नुसती हवा.

"पैज तं तुमी जितली होती," मी म्हटलं. "मंग इंजिन काहून देऊन टाकलं?"

त्यांनी हाताचं तेल फडक्याला पुसलं.

"झाडं वाळून राहिली होती," ते म्हणाले.